आपल्या किल्ल्याचे माप

दिवाळीची सुट्टी लागली की महाराष्ट्रातील घराघरांच्या अंगणांत एक निराळीच लगबग सुरू होते. कोणी पाटीभर माती आणतो, कोणी विटांचे तुकडे गोळा करतो, कोणी माळ्यावरचे जुने गोणपाट खाली काढतो. दोन दिवसांत डोंगर उभा राहतो, त्यावर तट चढतो, उतारावर अळीव पेरले जातात आणि सिंहासनावर शिवछत्रपतींची मूर्ती विराजमान होते. घरी आलेला पाहुणा क्षणभर थांबतो, "वा! छान झाला आहे हो किल्ला!" असे म्हणतो आणि फराळाकडे वळतो.

ही शाबासकी गोड असते. परंतु तिच्यातून हात काही शिकत नाहीत. काय छान झाले आणि काय बिघडले, हे पाहुणा सांगत नाही. बहुधा त्याने तेवढे निरखलेलेही नसते. म्हणून ज्याला आपली कला वाढवावयाची आहे, त्याने आपल्या कामाची पारख आपणच करावयास शिकले पाहिजे.

पारख करावयाची तर माप हवे. ते शेजारच्या अंगणात नसते. ते मूळ वस्तूत असते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील मुलांना असे माप गावातच लाभले आहे. तेथील भुईकोट किल्ला जवळजवळ गोलाकार असून त्याचा घेर सुमारे १७०० मीटर आहे. भोवती खंदक आहे. माळीवाड्यातील एखाद्या मुलाने त्याची प्रतिकृती करावयाचे ठरविले आणि पाच मीटरना एक सेंटिमीटर असे प्रमाण धरले, तर त्याच्या किल्ल्याचा घेर ३.४ मीटर होईल आणि व्यास एक मीटरहून थोडा अधिक. एवढी जागा अंगणात सहज मिळते. मात्र बाजारातून आणलेला आठ सेंटिमीटर उंचीचा मातीचा शिपाई त्या तटावर उभा केला की मोठी गंमत होते. या प्रमाणाने तो शिपाई चाळीस मीटर उंच, म्हणजे तेरा मजली इमारतीएवढा ठरतो! खऱ्या माणसाची उंची येथे साडेतीन मिलिमीटरच भरेल. तांदळाच्या दाण्याहूनही कमी.

म्हणून शिपाई ठेवूच नयेत काय? अवश्य ठेवावेत. दहा मीटर उंचीची भिंत या प्रमाणाने दोनच सेंटिमीटर होते. ती फारच ठेंगणी दिसते म्हणून कोणी ती दुप्पट उंच केली, तरी बिघडत नाही. मात्र ते जाणूनबुजून केलेले असावे आणि किल्ल्यापुढच्या पाटीवर तसे लिहिलेले असावे. जाणून मोडलेले प्रमाण ही कारागिराची निवड असते; नकळत मोडलेले प्रमाण ही त्याची चूक असते.

दुसरी कसोटी याहून सोपी, पण अधिक कठोर आहे. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगड आणि रतनगड आहेत. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूस वळलेला आहे. रतनगडाच्या माथ्यावर खडकाला आरपार भोक आहे, त्यास नेढे म्हणतात. प्रत्येक गडाला असा स्वतःचा चेहरा असतो. अंगणातील किल्ले मात्र पुष्कळदा एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात: मातीचा एक ढीग, त्यावर नागमोडी वाट आणि चार बुरूज. पाटी बदलली की रायगडाचा प्रतापगड होतो! अशा वेळी पाटी झाकावी आणि तो गड पाहिलेल्या एखाद्या माणसास विचारावे, "हा कोणता गड?" त्याने नाव ओळखले, तर ती शंभर शाबासक्यांहून मोठी पावती होय. न ओळखले, तर काय राहून गेले हे त्यालाच विचारावे.

तिसरी कसोटी मनाची आहे. काळी माती वाळताना आक्रसते आणि दुसऱ्याच दिवशी तटाला तडे जातात. त्यांवर गेरू फासला की ते दिसेनासे होतात. स्पर्धेचे परीक्षक दहा मिनिटे पाहून पुढे जातात. कदाचित बक्षीसही मिळते. परंतु गेरूच्या खाली काय आहे, हे करणाऱ्या हातांना ठाऊक असते. १५९५-९६ साली मोगलांनी नगरच्या याच भुईकोटास वेढा घातला आणि सुरुंगाने तट उडवून त्याला खिंडार पाडले. तेव्हा चांदबिबीने रातोरात ते बुजवून घेतले. खिंडार झाकून गड वाचत नाही. ते बुजवावे लागते. मुलानेही तडा का गेला, ते शोधावे. मातीत पाणी फार झाले काय? थर एकदम जाड दिला काय? पुढच्या खेपेस मातीत थोडी वाळू आणि भुसा मिसळून, पातळ थर देऊन पाहावा.

हे सारे एका वहीत लिहून ठेवणे चांगले. दरवर्षी किल्ल्याचे एक रेखाचित्र, त्याची मापे आणि एक ठळक चूक, एवढे पुरे. दहा चुका एकदम सुधारू पाहणाऱ्याची एकही सुधारत नाही. एकच चूक मनावर घेणारा दरवर्षी एक पायरी वर चढतो. भुईकोटही पहिल्यापासून दगडी नव्हता. अहमद निजामशहाच्या काळी तेथे मातीचा कोट होता. पुढे १५५९ च्या सुमारास हुसेन निजामशहाने तो दगडात बांधावयास घेतला.

कोणी म्हणेल, "हा तर मुलांचा खेळ, यात मोजमाप आणि वही कशाला?" परंतु विटीदांडू खेळणारा मुलगाही नेम साधण्यासाठी तासन्‌तास खपतो आणि तो साधला की त्याचा आनंद दुणावतो. मोजमापाने खेळाची गोडी कमी होत नाही.

दिवाळी सरते. अळीव सुकतात, शिपाई डब्यात जातात, माती पुन्हा कुंड्यांत भरली जाते. चार दिवसांची वाहवा त्यापूर्वीच विरून गेलेली असते. उरते ती एक वही, आणि आपली चूक ओळखून ती सुधारण्याची सवय लागलेले दोन हात. हेच हात पुढच्या दिवाळीत पुन्हा माती कालवतील, तेव्हा ती पाणी किती मागते हे त्यांना ठाऊक असेल.