‘काही नाही गं, घरीच केलंय!’

परवा नालासोपाऱ्याला भाचीच्या बाळाचं बारसं होतं. मी एक दुपटं शिवलं होतं. आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं. महिनाभर दुपारची झोप मोडून हाताने टाके घातले होते. वसईहून निघताना ते घडी करून पिशवीत टाकलं तर लेक म्हणाली, ‘‘आई, हे असंच देणार?’’ मी म्हटलं, ‘‘घरातलंच तर आहे, त्याला काय पॅक करायचं!’’

तिथे गेले तर पाळण्याजवळ चकचकीत कागदांतल्या भेटींचा ढीग. पिशवी पुढे करताना माझ्या तोंडून निघालंच, ‘‘काही नाही गं, घरीच केलंय.’’ भाचीने हसून ती घेतली आणि खुर्चीखाली ठेवली. जेवणं होऊन आम्ही निघालो तरी ती तिथेच होती.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला भाचीचा राग नाही आला. ते ‘काही नाही’ आहे, हे मीच तर तिला सांगितलं होतं ना!

आपण सगळ्याच असं करतो. दुकानातून आणलेला कपबशांचा सेट सजवून देतो. आणि स्वतः विणलेला स्वेटर, स्वतः केलेला मसाला, भरतकामाचा रुमाल मात्र कॅरीबॅगमधून, तोही ओशाळं होऊन. विकत आणलेल्याला किंमत आहे आणि आपल्या हातांना नाही, हे आपणच जगाला शिकवतो. मग घरात आपल्या कामाची कदर होत नाही म्हणून रुसायचं तरी कशाला?

आपल्याकडची सुकेळी आठवा. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची आणि केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून घट्ट बांधायची. घरच्याच मालाला घरचंच वेष्टण, पण किती नीटस! ते पुडकं हातात घेतलं की करणारीची मेहनत कळते. नीट बांधून देणं म्हणजे दिखावा नव्हे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

लेकीने मला त्यानंतर दोन्ही बाजूंनी छापलेला कागद आणून दिला. एका अंगाला फुलं, दुसऱ्या अंगाला रेघा. थोडा महाग पडतो, पण वर रिबीन नको, फूल नको. कागद पसरून त्यावर खोका सुलटा ठेवायचा. लांबी अशी, की एक पूर्ण वेढा बसून वर चार बोटं उरतील. रुंदीत दोन्ही बाजूंना खोक्याच्या उंचीच्या पाऊणपट कागद सोडायचा. खोका चार इंच उंच असेल तर तीन-तीन इंच. जास्त सोडला की टोकाला नुसता बोळा होतो. मग वर येणारी कड दोन बोटं बाहेरच्या अंगाला दुमडायची. फुलांवर रेघांची पट्टी दिसते, जणू साडीचा काठच! त्या पट्टीखाली दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली की जोड दिसतच नाही. दुपट्यासारखं मऊ काही असेल तर घडीत साडीच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवा. विरार लोकलच्या गर्दीतसुद्धा आकार टिकतो, मी अनुभवलंय.

शेजारच्या काकूंना हे पटत नाही. ‘‘फाडायचाच कागद, त्यावर कशाला पैसे?’’ त्यांचंही काही अंशी खरं आहे. चमचमणारा, प्लास्टिकचा थर दिलेला कागद मलाही नकोच वाटतो. त्याचं शेवटी काय होतं, ते पावसाळ्यात तुंबलेल्या नाल्यांकडे बघितलं की कळतं. १ जुलै २०२२ पासून मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायच्या प्लास्टिकच्या आवरणाला देशभर बंदी आहे, ती उगाच नाही. कागद ओळखायची सोपी युक्ती सांगते. मुठीत चुरगळा. चुरगळलेला राहिला तर कागद, परत उलगडला तर त्यात प्लास्टिक. आणि टेप कमी लावली तर साधा कागद न फाटता सुटतो, पुन्हा उलट्या बाजूने वापरता येतो. तेही नको असेल तर खण किंवा ब्लाऊजपीस आहेच. जपानमध्ये चौकोनी कापडात भेट बांधून देतात, त्याला फुरोशिकी म्हणतात. आपल्याला ते नवीन थोडंच आहे?

माझं म्हणणं महागड्या कागदाबद्दल नाहीच. घेणाऱ्याने ते पुडकं दोन्ही हातांनी घ्यावं, इतकीच इच्छा. आणि त्यासाठी देणारीनेही ते दोन्ही हातांनी द्यायला हवं.

आता नाताळ येईल, निर्मळ-पापडीकडच्या मैत्रिणींकडे फराळाची देवाणघेवाण होईल. मग संक्रांतीचं हळदीकुंकू. या वेळी मी वाण म्हणून घरी शिवलेले बटवेच देणार आहे, दोन रंगांच्या कागदात बांधून. कुणी विचारलं, ‘‘कुठून आणलेस?’’ तर मान वर करून सांगणार, ‘‘मी केलेत.’’

तुम्हीही एकदा असं म्हणून बघा. सुरुवातीला जीभ अडखळते, पण जमतं हो!