तिरुवैयारुचे स्नेहसंमेलन

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातली महाविद्यालये स्नेहसंमेलनात गुंतलेली असतात. मांडव पडतो, पाहुणे ठरतात, बक्षिसांची यादी निघते. त्याच दिवसांत तंजावरच्या उत्तरेला, कावेरीकाठच्या तिरुवैयारुत एका वेगळ्या मेळाव्याची तयारी चाललेली असते. 1965 साली स्थापन झालेले तमिळनाडू शासनाचे संगीत महाविद्यालय याच गावात आहे. इथे गायन, वीणा, मृदंग, नागस्वरम शिकणाऱ्या मुलांच्या वर्षातला सर्वांत मोठा सोहळा महाविद्यालयाच्या सभागृहात होत नाही. तो होतो नदीकाठी, कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज यांच्या समाधीसमोर.

त्यागराजांनी 6 जानेवारी 1847 रोजी देह ठेवला. तिथी पौष वद्य पंचमी. त्यांचा हा स्मरणोत्सव, म्हणजे आराधना, तिथीवर चालतो, म्हणून इंग्रजी तारीख सरकत राहते. 2024 मध्ये ती 30 जानेवारीला आली, 2025 मध्ये 18 ला, 2026 मध्ये 7 ला. 2026 च्या अधिक मासामुळे 2027 ची आराधना पुन्हा जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात जाते.

त्या सकाळी त्यागराजांच्या पंचरत्न कृती गायल्या जातात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री अशा पाच रागांतल्या या पाच रचना. पहिली संस्कृतात, उरलेल्या चार तेलुगूत. गाव तमिळ, रचना तेलुगू, आणि त्या रचल्या गेल्या तेव्हा तंजावरच्या गादीवर मराठी बोलणारे भोसले. शेकडो गायक-वादक वाळूवरच्या मांडवात समोरासमोर बसतात आणि एकत्र गातात. नामवंत विद्वानांच्या मागच्या रांगेत दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असतो, त्याच्या मागे नोकरीतून निवृत्त झालेली एखादी हौशी गायिका, आणि तिघेही एकच स्वरावली म्हणत असतात. इथे क्रमांक नाहीत, परीक्षक नाहीत. सूर सगळ्यांचे जुळतात असेही नाही, आणि त्याबद्दल जाणकारांची तक्रार जुनी आहे. ती तक्रार खरी धरली तरी या प्रसंगाचे शैक्षणिक मोल कमी होत नाही. वराळीतली कृती गुरूने शिष्याला समोर बसवून शिकवली तर दोघांत दुरावा येतो, असा कर्नाटक संगीतात एक समज आहे. ती ऐकून उचलायची असते. अशा समजाला विद्यार्थ्याच्या दृष्टीने एकच अर्थ उरतो: जिथे ती गायली जाते तिथे त्याने जाऊन बसले पाहिजे.

मात्र हा मेळावा पहिल्यापासून सर्वांचा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी आराधना सुरू झाली आणि लवकरच तिच्यात मोठा गट, धाकटा गट अशी फूट पडली. स्त्रियांना समाधीसमोर गाण्यास दोन्हीकडे मज्जाव होता. बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळातल्या गायिकेने 1920 च्या दशकात स्वतःच्या पैशाने पडक्या समाधीभोवतीची जागा मिळवली, मंदिर बांधले, आणि तरीही तिला तिथे गाण्यासाठी झगडावे लागले. शेवटी तिने स्त्रियांचा तिसरा गट उभा करून वेगळी आराधना चालवली. 1940 च्या सुमारास गट एकत्र आले, सर्वांनी मिळून पाच कृती गाण्याची प्रथा रुजली आणि स्त्रियांचा आवाज त्यात कायमचा आला. आज हा उत्सव जसा दिसतो तसा तो त्या भांडणातून घडला आहे.

नागरत्नम्मांचा तंजावरच्या मराठी दरबाराशीही एक धागा आहे, जो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. प्रतापसिंह भोसल्यांच्या (1739–1763) दरबारी मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती. तिचे 'राधिका सांत्वनमु' हे तेलुगू काव्य नागरत्नम्मांनी 1910 मध्ये संपूर्ण छापले. ते अश्लील ठरवून इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. ती उठायला 1947 उजाडले.

भोसल्यांचा ठसा तिरुवैयारुतही आहे. तिथली दुसरी मोठी शिक्षणसंस्था म्हणजे राजांचे महाविद्यालय, तमिळमध्ये 'अरसर कल्लूरी'. संस्कृत पाठशाळा म्हणून ती 1881 मध्ये सुरू झाली, ती भोसल्यांनी अन्नछत्रांना लावून दिलेल्या उत्पन्नावर. पुढे 1924 च्या सुमारास तिथे तमिळचेही अध्यापन सुरू झाले. तंजावरची छत्रे वाटसरूंना जेवण देत, तशीच मुलांना जेवू घालून शिकवतही. दुसऱ्या सरफोजींनी ओरत्तनाडला मुक्तांबापुरम छत्र उभारले, तिथे विद्यार्थ्यांसाठी पाठशाळा होती. ज्या राजांना आपण बृहदीश्वराच्या भिंतीवरच्या लांबलचक मराठी शिलालेखापुरते ओळखतो, त्यांचे हे काम अधिक टिकाऊ ठरले असे म्हणायला हरकत नाही.

संगीताच्या बाजूने तर देवाणघेवाण आजही कानांना ऐकू येते. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे मराठी कीर्तनकार तंजावरला आले. त्यांची कीर्तने ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा नव्याने बांधली. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद त्यांनी त्यात घेतले आणि दक्षिणेतले भागवतर आजही ते वापरतात. पुण्यात नारदीय कीर्तन शिकणाऱ्या मुलीला चेन्नईच्या मंचावर तमिळ कथेत अचानक साकीची चाल ऐकू आली, तर तिला अर्थ कळणार नाही, पण वळण ओळखता येईल.

आपल्या विद्यापीठांचे सांस्कृतिक वर्ष मुख्यतः स्पर्धांवर उभे आहे. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेने मराठी रंगभूमीला किती नट आणि लेखक दिले हे सांगण्याची गरज नाही. 'इंद्रधनुष्य' युवक महोत्सवामुळे ग्रामीण महाविद्यालयांतल्या मुलांना पहिल्यांदा मोठा रंगमंच मिळतो. हे सारे राहावे. पण स्पर्धेत उतरतात मोजके, बाकीचे टाळ्या वाजवतात आणि निकाल लागला की तालीम संपते. ज्याला बक्षीस मिळण्याची शक्यता नाही, त्यालाही ज्येष्ठांच्या शेजारी बसून गाता यावे, असा एकही दिवस आपल्या बहुतेक विद्यापीठांच्या दिनदर्शिकेत नाही. तो असावा, आणि त्याची तयारी वर्षभर वर्गात व्हावी. कृती आपल्याच निवडाव्यात: अभंग, ओव्या, आर्या, नाट्यपदे. पाच रचना, सगळ्या विभागांच्या सगळ्या मुलांना पाठ, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. तेव्हा बाहेर कोणाला ठेवले जात आहे, हेही पहिल्याच वर्षी तपासावे.

त्याच्या जोडीला तंजावरशी थेट संबंध जोडता येईल. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदांची बाडे आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले आहे. शहाजीराजांच्या नातवाने, म्हणजे तंजावरच्या शाहराजाने (1684–1712), लिहिलेली 'लक्ष्मीनारायणकल्याण'सारखी मराठी नाटके विष्णुदास भाव्यांच्या 1843 मधल्या 'सीतास्वयंवरा'पेक्षा सव्वाशे वर्षांहून जुनी आहेत. ती आपल्या नाट्यशास्त्र विभागांत वाचली जातात, क्वचितच उभी राहतात. मराठी, संगीत आणि नाट्यशास्त्र अशा तीन विभागांची मिळून वीसेक मुले दरवर्षी आठवडाभरासाठी तिकडे पाठवणे कोणत्याही विद्यापीठाला परवडणारे आहे. सकाळी मोडी वाचन, दुपारी तिरुवैयारुच्या संगीत विद्यार्थ्यांबरोबर साकी-दिंडीची तालीम, आणि पंचमीच्या दिवशी मांडवात मागच्या रांगेत जागा. तिथीमुळे प्रवासाच्या तारखा दरवर्षी बदलतील, म्हणून परीक्षांचे वेळापत्रक ठरवताना पंचांग आधी उघडावे लागेल.