पैसे परत दिले म्हणजे शब्द पाळला काय?

बोईसर-चिल्हार रस्त्यावरचे बेटेगाव आता नावापुरतेच गाव उरले आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने राबणाऱ्यांची बिऱ्हाडे येथील गृहसंकुलांत दाटीने वसली आहेत. सणासुदीच्या दिवसांत पाठीवर भलीमोठी पिशवी बांधलेली पोरे दुचाकीवरून प्रत्येक इमारतीखाली घिरट्या घालताना दिसतात. पूर्वी खरेदीसाठी बोईसर स्थानकाजवळच्या बाजारात जावे लागे, आता बाजारच भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून घरात आला आहे.

गेल्या नवरात्रात आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने याच बाजारातून शिलाई मशीन मागविले. दुकानात साडेतेरा हजारांना मिळणारे ते मोटारीचे यंत्र उत्सवी सवलतीत नऊ हजार दोनशे रुपयांना होते. यजमानांनी ओव्हरटाइमचे साठवलेले पैसे भरले. क्षणार्धात 'मागणी निश्चित झाली' असा संदेश आला, पोहोचण्याची तारीखही आली. वहिनींनी मोठ्या विश्वासाने जुने पायमशीन ओळखीच्या एका बाईला विकले आणि दिवाळीच्या ब्लाऊजचे काम अंगावर घेतले. नवव्या दिवशी दुसरा संदेश आला : 'विक्रेत्याकडे माल उपलब्ध नसल्याने आपली मागणी रद्द करण्यात येत आहे. रक्कम परत मिळेल.' पैसे चार दिवसांत आले, हे खरे. पण दुसऱ्याच दिवशी तेच यंत्र त्याच ठिकाणी पुन्हा झळकले, मूळ किमतीला. मदत केंद्रावरच्या मुलीने अत्यंत अदबीने सांगितले, "मॅडम, तुमचे पैसे तर परत दिले आहेत!" वहिनींना अर्ध्याहून अधिक गिऱ्हाइके परत पाठवावी लागली.

'पैसे तर परत दिले' हे वाक्य वरवर पाहता निरुत्तर करणारे आहे. या लेखाचा सगळा वाद त्या एका वाक्याशी आहे. व्यवहार हा नुसता पैशांचा असतो की शब्दाचाही? ज्या दिवशी मागणी निश्चित झाली, त्या दिवशी ग्राहकाने बाजारातले इतर दरवाजे बंद केले. दुसरीकडची सवलत सोडली, जुनी वस्तू विकली, पुढची कामे त्या भरवशावर ठरविली. नऊ दिवसांनी रक्कम जशीच्या तशी हाती ठेवणे म्हणजे त्याला मूळ जागी आणून सोडणे नव्हे, कारण ती जागाच आता शिल्लक राहिलेली नसते.

हा विचार काही पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात खरेदी-विक्री रद्द करण्याविषयी स्वतंत्र अध्याय आहे. माल विकून तो न देणाऱ्या व्यापाऱ्याला तेथे बारा पणांचा दंड सांगितला आहे. अपवाद मोजके : मालात दोष निघाला, राजा, चोर, अग्नी वा पाणी यांमुळे संकट ओढवले, किंवा व्यवहारच मुळात संकटात सापडलेल्याकडून झालेला असला, तर. सौदा मोडण्यासाठी व्यापाऱ्यांना मुदत मिळे ती एका रात्रीची. नऊ दिवसांनी 'माल नाही' असे सांगणारा आजचा विक्रेता त्या काळी दंडास पात्र ठरला असता.

आजचा कायदाही तितकाच स्पष्ट आहे; मात्र तो फारच थोड्यांना ठाऊक आहे. १९८४ मध्ये मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' ही संकल्पना आपल्या कायद्यात आली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती स्वीकारली आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. सवलतीच्या दरात विकण्याचा हेतूच नसताना, किंवा वाजवी काळ व वाजवी प्रमाणात माल पुरविण्याची तयारी नसताना सवलतीची जाहिरात करणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आमिषाच्या जाहिरातींवर वेगळे कलम आहे. अपेक्षित मागणी पुरी होईल इतका साठा जाहिरातदाराने ठेवला पाहिजे आणि माल कमी पडण्याची शक्यता असेल तर ते जाहिरातीतच सांगितले पाहिजे. म्हणजे 'माल संपला' हे प्रत्येक वेळी ग्राह्य ठरणारे उत्तर नव्हे. माल किती होता आणि मागण्या किती स्वीकारल्या, हा खरा प्रश्न आहे.

निवाडेही आहेत. जुलै २०२२ मध्ये दादरच्या एका ग्राहकाने फ्लिपकार्टवरून आयफोन मागविला, क्रेडिट कार्डाने ३९,६२८ रुपये भरले. काही दिवसांनी मागणी रद्द झाल्याचा संदेश आला. माल पोहोचवणारा अनेकदा गेला, पण ग्राहक भेटला नाही, असे कंपनीचे म्हणणे. पुन्हा मागणी नोंदवावी, असा सल्ला मिळाला. दरम्यान किंमत सुमारे सात हजारांनी वाढली होती. मध्य मुंबई जिल्हा ग्राहक आयोगाने ही मागणी जादा नफ्यासाठी हेतुपुरस्सर रद्द केल्याचे मानले आणि २०२४ मध्ये दहा हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पैसे परत मिळाले होते, तरीही एकतर्फी रद्द करण्याने झालेल्या मनस्तापाची भरपाई द्यावी लागेल, हे त्या आदेशाचे सार आहे.

येथे व्यापाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. माणसाच्या हातून चूक होते, शून्य कमी पडते. २००३ मध्ये सिंगापूरमधील एका संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरचा छपाई यंत्राचा दर चुकून ६६ डॉलर असा झळकला. सहा जणांनी मिळून तब्बल १,६०६ यंत्रे मागविली. न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली, कारण ही चूक आहे हे त्यांना कळले होते. हा न्याय योग्यच म्हणावा लागेल. दुसऱ्याच्या चुकीवर टपून बसणे हा ग्राहकहक्क नव्हे. उलट २००२ मध्ये ब्रिटनमध्ये कोडॅक कंपनीने ३२९ पौंडांचा कॅमेरा चुकून १०० पौंडांना लावला. आधी नाही म्हटले, पण शेवटी त्याच दराने माल दिला. आपल्याकडे ओडिशातील विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याला २०१४ मध्ये ॲमेझॉनवर १९० रुपयांत लॅपटॉप दिसला. मागणी निश्चित होऊन मग रद्द झाली. राज्य आयोगाने २०२१ मध्ये कंपनीला ४० हजारांची भरपाई आणि ५ हजारांचा खर्च देण्यास सांगितले. १९० रुपयांच्या लॅपटॉपविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु साडेतेरा हजारांची वस्तू उत्सवी सवलतीत नऊ हजारांना मिळते, यावर विश्वास ठेवणारा ग्राहक चुकीचा फायदा उठवीत नाही. ज्या सवलतीचा डांगोरा कंपनी स्वतः पानभर जाहिराती देऊन पिटते, तिच्यावरच तो विश्वास ठेवतो.

कंपन्यांचा दुसरा बचाव छापील अटींचा असतो. निश्चितीचा संदेश म्हणजे केवळ पोच, करार होतो तो माल रवाना झाल्यावर, असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. म्हणजे ग्राहकाचे पैसे पहिल्या क्षणी घ्यायचे आणि स्वतःचा शब्द मात्र शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवायचा! वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट २०१९ च्या कायद्याने अनुचित कराराच्या व्याख्येत घातली आहे. पण अशा करारांची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे करावी लागते. नऊ हजारांच्या यंत्रासाठी बेटेगावचा कामगार तेथवर जाईल काय?

२०२० च्या ई-वाणिज्य नियमांतही अशीच एक फट आहे. कंपनीने मागणी एकतर्फी रद्द केल्यास ती स्वतः तसाच भुर्दंड सोसणार असेल, तरच तिला ग्राहकाकडून रद्द करण्याचे शुल्क घेता येते. वाचायला हे समतेचे वाटते. पण ग्राहकाकडून शुल्कच न घेणारी कंपनी हव्या तितक्या मागण्या फुकटात मोडू शकते. म्हणून सरळ नियम हवा : निश्चित केलेली, पैसे भरलेली मागणी विक्रेत्याने स्वतःच्या कारणाने मोडली, तर त्याने तीच वस्तू त्याच दरात द्यावी, नाहीतर बाजारभावातला फरक ग्राहकाला द्यावा. १८७२ च्या करार कायद्याच्या ७३ व्या कलमातले तत्त्व याहून वेगळे नाही. त्यासाठी प्रत्येकाला आयोगाची पायरी चढावी लागू नये, इतकेच.

तोवर ग्राहकाने हातावर हात ठेवून बसू नये. निश्चितीचा संदेश, दर्शविलेली किंमत आणि रद्द झाल्यानंतर पुन्हा झळकलेला दर यांची छायाचित्रे जपून ठेवावीत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण देणे नियमाने बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानेही भागले नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. पालघर तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, तेव्हा साध्या सरकारी कामालाही ठाणे गाठण्यात दिवस मोडे. आता ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करू शकतो, ती घरबसल्या ऑनलाइन दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

तरीही एकटा ग्राहक दुबळाच असतो. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, १९७५ मध्ये मुंबईत ते सुरू झाले, ते हे ओळखूनच. चार कुटुंबांनी एकत्र येऊन धान्य घ्यायचे, त्याचा भाव व दर्जा मिळून ठरवायचा, ही साधी रीत होती. त्यातून ग्राहकाला सामूहिक आवाज मिळाला. बेटेगावच्या एकेका संकुलात शेकडो घरे आहेत आणि प्रत्येक घरात अशा रद्द झालेल्या मागण्यांचे संदेश पडून आहेत. संकुलाच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीची चर्चा होते, तशी या संदेशांचीही व्हावी. दहा घरांची एकाच कंपनीविरुद्धची तक्रार एकत्र गेली, तर मदत केंद्रावरील अदबीचा सूर नक्कीच बदलेल.

शेजारच्या वहिनींनी शेवटी यंत्र घेतले, बोईसरच्या दुकानातून, पूर्ण किमतीला. दुकानदाराने ते स्वतः टेम्पोत घालून आणून दिले, जोडून दिले आणि जाताना म्हणाला, "काही अडलं तर दुकानावर या, मी तिथेच असतो." मोठमोठ्या सवलतींच्या बाजारात नेमके हेच मिळेनासे झाले आहे.