काळ्या मातीतले नवे रोप

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याच्या साखरा परिसरात, तसेच मराठवाड्याच्या मोठ्या भागात, बेसाल्ट खडक झिजून बनलेली काळी चिकण माती आढळते. अशा भारी जमिनीत चिकणकणांचे प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के असते. हे कण पाण्याने फुगतात आणि वाळताना आक्रसतात. त्यामुळे पावसाळ्यात जमीन चिबडते, उन्हाळ्यात भेगाळते. नव्या रोपाला या दोन्ही टोकांपासून जपावे लागते.

खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. ओल्या मातीत खणल्यास फावड्याने कडा घोटल्या जातात आणि मुळे बाहेर शिरत नाहीत. अशा कडा टिकावाने खरवडाव्यात. भरताना तीच माती कुजलेले शेणखत मिसळून वापरावी. खड्डा निव्वळ मुरूम किंवा वाळूने भरला तर भोवतालचे पाणी त्यात उतरते आणि निचरा न झाल्याने तिथेच साचते. रोप पिशवीत होते तेवढेच खोल लावावे आणि पाणी साचणाऱ्या जागी मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे.

मृगानंतर चांगला पाऊस होऊन वापसा आला की लागवड करावी. पावसाळ्यात रोपाभोवतीचे आळे मोडून पाण्याला वाट काढून द्यावी. चिबडलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि समोर पाणी असूनही पाने माना टाकतात. हे पाहून आणखी पाणी घातले तर रोप हमखास जाते. म्हणून आधी वीतभर खोल माती काढून मुठीत दाबावी. गोळा चिकट राहिला तर थांबावे. माती कोरडी, ढेकळासारखी लागली तर पाणी द्यावे.

पाऊस सरला की आळे पुन्हा बांधावे. ते बुंध्यापासून थोडे दूर ठेवावे आणि रोप वाढेल तसे रुंद करावे. रोज तांब्याभर पाणी घातल्यास मुळे वरच राहतात. त्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने, सावकाश आणि भरपूर द्यावे. भेगांनी कोवळी मुळे तुटतात, ओलही उडून जाते. म्हणून हलकी खुरपणी करून भेगा भुसभुशीत मातीने बुजवाव्यात आणि वर सोयाबीनचे कुटार, हळदीचा पाला किंवा उसाचे पाचट पसरावे. हे आच्छादन बुंध्याला टेकू देऊ नये. वाळवीवर नजर ठेवावी.

भिजलेली काळी माती रोपाला घट्ट धरत नाही. वाऱ्याने ते हलू नये म्हणून दोन बाजूंना काठ्या रोवून सैल बांधावे. बुंधा भक्कम झाल्यावर काठ्या काढाव्यात. शेळ्यांपासून बचावासाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण पुरते.

चुनखडीच्या जमिनीत मोसंबीसारख्या झाडांची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्यास ती बहुधा लोहाची कमतरता असते. अशा वेळी कृषी विद्यापीठाचा किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन हिराकसाची फवारणी करावी.

कडुनिंब, बाभूळ, चिंच, करंज ही झाडे या मातीला सरावलेली आहेत. नव्याने लावणाऱ्याने त्यांनाच आधी पसंती द्यावी. निवड कोणतीही असो, पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाकडे लक्ष द्यायलाच हवे. लागवडीचे खरे काम खड्डा बुजवल्यावरच सुरू होते.