भावाच्या शिधापत्रिकेवरची आई

१५ मे हा आंतरराष्ट्रीय कुटुंब दिन. १९९४ पासून तो पाळला जातो आणि त्या निमित्ताने कुटुंबसंस्था खिळखिळी झाल्याची चिंता आपल्याकडे नव्याने व्यक्त होते. एकट्या पालकाची घरे वाढली, हा त्या चिंतेतला ठरलेला पुरावा. घटस्फोट आणि मुलींचे शिक्षण ही ठरलेली कारणे. पण गावोगाव दिसणारी एकटी आई कुटुंबाविरुद्ध बंड करून निघालेली नाही. कुणाचा नवरा शेतीच्या कर्जापायी गेला, कुणाचा दारूने, कुणाचा करोनात. कुणाच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटला.

संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार भारतात ४.५ टक्के, म्हणजे सुमारे १.३ कोटी घरे एकट्या आया चालवतात. त्याच अहवालातला दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करतो. आणखी सुमारे ३.२ कोटी एकट्या आया माहेरी किंवा सासरी, मोठ्या कुटुंबात सामावलेल्या आहेत. दिसतात त्यांच्या जवळपास अडीचपट आया आपल्या नजरेआड आहेत.

जनगणनेत कुटुंब ओळखले जाते ते सामाईक स्वयंपाकावरून. दोन लेकरे घेऊन माहेरी आलेली बाई त्यामुळे भावाच्या कुटुंबात मोजली जाते. माहेरच्या या आधाराचे मोल कमी नाही; मामाने शिकवून मोठी केलेली भाचरे कोणत्याही गावात सापडतील. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुव्याच्या अभ्यासात (१९६४) दाखवले होते, की घरे वेगळी झाली तरी नात्यागोत्यांतला एकत्रपणा टिकतो. त्याची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. चूल एक असली म्हणून हक्क एक होत नाही. ही बाई घरचे सगळे काम करते, रोजंदारीवर जाते आणि मुलाच्या वह्यांसाठी वहिनीच्या तोंडाकडे बघते. सासरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिची नोंद झालेली नसते. शिधापत्रिका भावाची. उत्पन्नाचा दाखला काढायला गेली, की भावाचे उत्पन्न आडवे येते आणि निराधार अनुदानाचा अर्ज तिथेच अडकतो.

टॅल्कट पार्सन्स यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या मध्यावर कमावता बाप आणि जपणारी आई अशी कुटुंबाची चौकट मांडली. तिच्यात न बसणारे घर आपोआप अपुरे ठरले. सारा मॅक्लानहन आणि गॅरी सँडेफर या समाजशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये अमेरिकेतली आकडेवारी तपासली. एका पालकाबरोबर वाढलेली मुले शिक्षणात मागे पडतात, हे त्यांनी नाकारले नाही. मात्र त्यातला जवळपास निम्मा फरक कमी उत्पन्नातून येतो, असे त्यांना आढळले. उरलेल्यात पालकाला न मिळणारा वेळ आणि सतत बदलणारे बिऱ्हाड यांचा वाटा होता. आपल्याकडे एकट्या आयांच्या घरांत गरिबीचे प्रमाण ३८ टक्के आहे, दोन्ही पालक असलेल्या घरांत २२.६ टक्के. मुलांवर ‘संस्कार’ कोण करणार, असे या आयांना विचारणाऱ्यांनी हा फरक आधी वाचावा.

कायदा बराच पुढे आला आहे. बाप हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हे गीता हरिहरन खटल्यात १९९९ मध्ये मान्य झाले. अविवाहित आईला पालकत्वासाठी वडिलांचे नाव उघड करण्याची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्राने वडिलांच्या आधी आईचे नाव आणले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तोही याच वाटेवरचा. एकट्या बापांची अडचण वेगळी आहे. त्यांना दुसऱ्या लग्नाचा आग्रह होतो आणि मूल बहुधा आजीच्या पदरात पडते. त्यांच्या मुलांनाही पाळणाघराची गरज तेवढीच आहे.

नजरेआडच्या या आयांना मोजण्याची संधी आता आहे; जनगणना होते आहे. तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक कुटुंबप्रमुखाशी नाते विचारतो, वैवाहिक स्थितीही विचारतो. भावाच्या घरातली विधवा किंवा परित्यक्ता बहीण आणि तिची मुले यांची नोंद त्यात होतेच. त्या नोंदींचे आकडे वेगळे काढून तालुकानिहाय प्रसिद्ध करावेत, आणि या बाईला स्वतंत्र शिधापत्रिका व तिच्या एकटीच्या कमाईचा दाखला द्यावा. राज्याच्या बालसंगोपन योजनेचे अनुदानही महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात पडले पाहिजे. शाळा जूनमध्ये उघडतात.