स्तन-पुनर्रचना : निर्णय रुग्णाचा की विम्याचा?

कर्करोगात स्तन गमावलेल्या स्त्रीसाठी पुनर्रचनेची शस्त्रक्रिया ही सौंदर्याची हौस नव्हे. तो उपचारांचाच उत्तरार्ध होय. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी हे मान्य केले आणि सौंदर्यशस्त्रक्रिया विम्यातून वगळताना कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचा अपवाद केला. तरीही वाट मोकळी झालेली नाही. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार आणि पुनर्रचना हे सारे बहुधा एकाच रकमेत भागवावे लागते. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांचे संरक्षण आहे. म्हणजे एकट्या विधवेला मर्यादा कमी. कर्करोग मात्र घरातली माणसे मोजून खर्च घटवत नाही.

मग इम्प्लांट बसवायचे की पोटाच्या ऊतींपासून स्तन घडवायचा, आताच की पुढील वर्षी, हे प्रकृतीऐवजी शिल्लक रक्कम ठरवू लागते. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने स्तनच्छेदनाचा खर्च देणाऱ्या विम्यावर पुनर्रचनेचे, तसेच दुसऱ्या स्तनाशी समतोल साधण्याच्या शस्त्रक्रियेचेही बंधन घातले. आपल्याकडेही अपवादाचा हक्क व्हावा आणि त्यासाठी स्वतंत्र रक्कम राखली जावी.