उशिरा आलेली शिष्यवृत्ती

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात चकल्यांचा घाणा चालू असेल, मुले आकाशकंदिलाच्या काड्या मोडीत बसली असतील आणि घरधनी बोनसचा हिशेब मांडीत असेल. अशा वेळी भांडण उकरून काढणे बरे नव्हे, हे मला कळते. पण वेळ हिशेबाचीच आहे म्हणून बोलतो. लक्ष्मीपूजनाला वही उघडायची, तीत घेणे तेवढे मांडायचे आणि देणे लपवायचे, ही रीत इतवारीतल्या एकाही व्यापाऱ्याला मान्य होणार नाही. आपल्या समाजाच्या वहीत एक देणे वर्षानुवर्षे थकले आहे. ते गरिबाच्या शिकू पाहणाऱ्या पोराचे.

मी कादंबऱ्या लिहितो, शाळेत मराठी शिकवतो आणि स्वतः मॅट्रिक आहे. लोक दहावी म्हणतात. आमच्या घरी अजून मॅट्रिकच म्हणतात, कारण त्याच्या पुढे आमच्या घरचे कोणी गेले नाही. मी जाऊ शकलो असतो. गुण होते, कॉलेजात नावही घातले होते. शिष्यवृत्तीच्या मंजुरीचा कागद मात्र हाती आला तो मी कॉलेज सोडून किराणा दुकानात वह्या लिहू लागल्यावर. कोठल्याशा टेबलावर एक सही राहून गेली होती म्हणे. सही करणारा माणूस वाईट नसेल. त्याच्या लेखी तो एक कागद होता, माझ्या लेखी ते एक आयुष्य होते. असो. माझे दुःख जुने झाले; ते उगाळण्यासाठी हा लेख नाही.

पण गेल्या पावसाळ्यात काटोलकडची माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. बारावीला उत्तम गुण, संत्र्याच्या बागेत मजुरीने जाणारे आईबाप. खाली मान घालून म्हणाली, "सर, कॉलेजवाले म्हणते, आधी फी भरा, स्कॉलरशिप आली की वापस देऊ. बाबा म्हणते, आधीच एवढे पैसे असते, तर स्कॉलरशिप कायले मागितली असती?"

या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. तुम्हाला येते का?

शिष्यवृत्ती नाही, असे नाही. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती १९४४ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीची सवलत मिळाली. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी; आणि २०२४ सालापासून व्यावसायिक शिक्षणात अशा घरांतील मुलींची पूर्ण फी सरकारने उचलली आहे. कागदावर पाहाल तर आपल्यासारखे उदार आपणच! पण पेरणीच्या वेळी बियाणे न देता कापणीच्या वेळी पोते आणून टाकणाऱ्याला आपण दाता म्हणतो काय? फी जुलैत द्यायची, खानावळीचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यायचे, आणि शिष्यवृत्ती कधी यायची? परीक्षा उरकल्यावर, कधी पुढचे वर्ष उजाडल्यावर! हक्काच्या विद्यार्थ्याला फीसाठी अडवू नका, असे शासन कॉलेजांना वेळोवेळी बजावते. कॉलेजे म्हणतात, आमचे पैसे शासनाकडेच अडकले आहेत. दोघेही खरे बोलत असतील. पण त्या दोघांच्या मध्ये उभी आहे अठरा वर्षांची पोर, आणि दोघांचेही उसने तीच फेडते आहे.

वेळेवर आलेल्या मदतीचे मोल काय असते, हे नागपूरकरांना मी सांगायला नको. ज्या महामानवाने १९५६ साली याच नगरीत दीक्षा दिली, त्यांचे चरित्र घ्या. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमरावांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिची मुदत संपली, आणि लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडले. तेही कसे? सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज! शिष्यवृत्ती, स्वकष्ट आणि कर्ज, तिन्ही वाटा त्यांनी तुडवल्या. पण एवढ्या प्रज्ञेच्या माणसाचीही तीन वर्षे पैशाअभावी गेली, हे विसरू नका. मग काटोलच्या पोरीची किती जावीत?

यावर आपल्यातले शहाणे काय म्हणतात, तेही ऐकून घेऊ. पहिला म्हणतो, "हुषार असेल त्याला वाट सापडतेच." अहो, ज्यांना सापडली त्यांचेच सत्कार तुम्ही पाहिले! ज्यांना सापडली नाही ते बर्डीवर दुकानात कापड फाडताहेत. त्यांचा सत्कार कोण करणार, आणि त्यांची मोजदाद तरी कोण ठेवणार?

दुसरा म्हणतो, "आम्ही वारावर जेवून शिकलो." त्याचा आजा जेवला असेल, हे खरे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी पान मांडले जाई, आणि त्या पानांवर विद्वान वाढले. त्या माउल्यांना माझा नमस्कार. पण ते पान कोणत्या जातीच्या मुलासाठी मांडले जाई, हेही त्याच आजाला विचारा. शिवाय एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या यजमानीण बाईंनी कधी म्हटले नाही की, आधी बाहेर जेवून ये, पावती दाखव, मग चैत्रात पाहू.

तिसरा कर्मवीरांचे नाव घेतो. "कमवा आणि शिका!" भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांच्या हाती कुदळ दिली, हे खरे. पण कुदळ देण्याआधी त्यांनी डोक्यावर वसतिगृहाचे छप्पर दिले, ताटात भाकरी दिली. छप्पर नाही, भाकरी नाही, आणि रात्री एक वाजेपर्यंत धंतोलीत घरोघर जेवणाचे डबे पोचवून सकाळी वर्गात पेंगणाऱ्या पोराला कर्मवीरांचा दाखला देणे ही शुद्ध बनवाबनवी आहे.

चौथा म्हणतो, "फुकट मिळाले की किंमत राहात नाही." सरकारी कॉलेजात शिकणाऱ्या अधिकाऱ्याच्या मुलाच्या फीत त्याच्या शिक्षणाचा खर्च भागतो काय? बाकीचा सरकारच भरते. त्याला कोणी फुकट्या म्हणत नाही. आपल्याच नागपुरात रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली लाखोंची संपत्ती विद्यापीठाला दिली आणि तिच्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेथे शिकून मोठे झालेले सगळेच त्या अर्थी दुसऱ्याच्या पैशावर शिकले. त्यांनी शिक्षणाची किंमत ठेवली नाही काय?

मग उरते कर्ज. नियम सांगतो की चार लाखांपर्यंत तारण मागू नये. पण नियम आणि बँकेचा दरवाजा यांच्यामध्ये साहेब बसलेला असतो, आणि तो विचारतो, "वडील काय करतात?" कर्ज मिळाले तरी शिक्षण चालू असतानाच व्याज चढत जाते. दर शेकडा दहा धरला तर पहिल्या वर्षी उचललेल्या एका लाखावर पाच वर्षांत सरळ व्याजच पन्नास हजार होते. पहिला पगार हाती येण्याआधीच! २०२४ साली विद्यालक्ष्मी योजना आली, ती बिनतारण, बिनजामीन. चांगली गोष्ट आहे. पण ती मानांकनात वर असलेल्या संस्थांपुरती. आणि सर्वांत गरीब पोरगा शिकतो तो तालुक्याच्या कॉलेजात, ज्याचे नाव कोणत्याही यादीत नसते.

गंमत अशी की, याहून चांगले आपल्याला एकदा सुचले होते. १९६३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती काढली. बिनव्याजी, आणि कर्ज घेणारा पुढे शिक्षक झाला तर नोकरीच्या दर वर्षामागे दहावा हिस्सा माफ! वसुली नीट झाली नाही, आणि पुढे ती योजना बंद पडली. गळके भांडे झाळून घ्यायचे असते. आपण ते फेकून दिले आणि सावकाराच्या दारात ओंजळ धरून उभे राहिलो.

सरकारला बोललो, आता तुम्हाला बोलतो, आणि मलाही. लग्नाला पाच लाखांचे कर्ज काढताना आपला हात कापत नाही. मुलीच्या कॉलेजासाठी दोन लाख म्हटले की घरात बैठक बसते. मुलाच्या फीसाठी शेत गहाण पडते आणि मुलीच्या फीसाठी "बघू" पडते. मांडवाचा खर्च एका रात्रीत विझतो, हे सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत नाही.

माझे मागणे फार नाही. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यातच मिळावा. उशीर झाला तर त्याचे व्याज विद्यार्थ्याला नव्हे, उशीर करणाऱ्या खात्याला पडावे. हक्काच्या विद्यार्थ्याकडून आगाऊ फी घेणाऱ्या कॉलेजाला दंड व्हावा. उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले निकालाची वाट न पाहता शाळेतच हाती पडावेत. हे काम आम्हा मास्तरांचे आहे, आणि ते आम्ही टाळतो, हेही येथे कबूल करतो.

त्या पोरीची फी शेवटी आम्ही चार शिक्षकांनी मिळून भरली. ती शिकते आहे. पण मी हे फुशारकीने सांगत नाही; चार मास्तरांच्या खिशावर एका राज्याचे शिक्षण चालावे, ही लाजेची गोष्ट आहे. तिच्याच गावात तिच्या वर्गातल्या आणखी दोघी आहेत. त्यांच्यासाठी आमचे खिसे पुरले नाहीत.

परवा भाऊबीज आहे. बहीण ओवाळील, तुम्ही ताटात काही घालाल. या वर्षी तिला किंवा तिच्या लेकीला एवढे विचारा, "तुझी फी भरली का ग?" आणि उत्तर ऐकेपर्यंत पाटावरून उठू नका.